काकूंचा तिघाडा

४ नोव्हेंबर, मंगळवार

‘छान, काकू.’ आजही तेवढंच!

माझ्या आधी केयूरनं गिटारवर तीच ओळ वाजवली होती. बरी वाजवली पोरानं. तरी आमच्या क्लासच्या मास्तरनं, कुलदीपनं त्याला मध्येच तोडलं — ‘अबे काय करून राहिला बे? जानरावचा बेस ऐकू नाही येऊन राहिला का तुले? पुन्हा घे.’ पाच वेळा पुन्हा घ्यायला लावलं. पाचव्यांदा खरंच सुधारलं.

मग माझी पाळी. मी दोनदा अडखळले, एकदा चक्क थांबून सूर शोधला. कुलदीपनं मान डोलावली, हसला. छान, काकू. पुढचा कोण?

मी टेलिफोन खात्यात नोकरी केली आहे. ट्रंक कॉल जोडून देताना नुसत्या ‘हॅलो’वरून कळायचं की माणूस घरात असून ‘नाही’ म्हणून सांगतोय. मला ‘छान’ कळत नाही असं याला वाटतं की काय?

८ नोव्हेंबर, शनिवार

आज नवीन धडा. त्यामुळे राग जरा बाजूला.

कुलदीप म्हणाला, सोलो वाजवायला उभं राहिलं की सगळे जिना चढल्यासारखे सारेगमपधनी चढतात आणि उतरतात. ते बंद करा. तीन सुरांची एक कॉर्ड घ्या, तिचे सूर सुटे करा, उलटेपालटे करा, त्यातून ओळ निघते. गोव्याच्या हॉटेलांत दहा वर्षं जॅझ वाजवून आलाय तो. मूळचा बार्शीटाकळीचा. त्याला येतं, हे मला मान्य आहे. म्हणून तर राजापेठेतले ते दोन जिने चढते मी गुडघे धरून.

बोर्डावर तीन तारांचे तीन आकडे लिहून दिले, कुठल्या तारेवर कितव्या घरात बोट ठेवायचं ते. ते मी लगेच वाजवून बघितले आणि दचकलेच. हे काय भलतंच?

कॉन्व्हेंटात सिस्टरनं मला प्रार्थनेपुरत्या चार कॉर्ड शिकवल्या होत्या. त्या वाजवल्या की सगळी मंडळी आपापल्या बाकावर नीट बसल्यासारखी वाटायची. या कॉर्डमधले तिघं बसतच नाहीत. दारात उभे. ना आत, ना बाहेर.

मला फार आवडली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी दोन तास, दुपारी एक. बोटांच्या शेंड्यांना घट्टे पडलेत. भाकरी थापताना तवा गरम लागत नाही, एवढा तरी फायदा.

तीन सूर. सा, ग आणि तीव्र म. पंचम नाहीच! आता खालून वर, आता वरून खाली. मग मधल्यापासून सुरू करून. मग पहिला सूर एकदम वरच्या सप्तकात टाकून, म्हणजे ओळीत उडी येते. तीनच सूर, पण संपत नाहीत. दोन फ्रेट, म्हणजे दोन घरं, वर सरकवलं की आणखी वेगळं होतं, आणखी दोन सरकवलं की पायाखालची जमीन जाते. फार सुंदर जाते.

वकीलसाहेबांनी (हे आमचे नारायणराव, कोर्टातून निवृत्त, घरातून नाही) पेपरच्या आडून विचारलं, ‘आज तीनच का?’

म्हटलं, तीनच सुरांचा धडा आहे.

‘तीन तिघाडा, काम बिघाडा,’ म्हणाले. मग म्हणे, त्यांची आई पानात तीन पोळ्या कधी वाढत नसे, तीन माणसांना एकत्र गावाला जाऊ देत नसे. पाठवायचेच झाले तर पिशवीत एक खडा टाकून द्यायची, चौथा म्हणून.

माझ्या पिशवीत खडा नाही. या आकाराचं नावच ठेवलं मी — तिघाडा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

क्लासमध्ये तिघाडा वाजवला. बेस गिटारवर खालचे जाड सूर धरणारे जानराव गालात हसले. छान, काकू.

केयूर आकार धरताना एकच बोट तिन्ही तारांवर आडवं टाकतो. मी तीन बोटं लावते. आजकालच्या पोरांना कष्ट नकोत!

२५ नोव्हेंबर, मंगळवार

लाज आणि संताप. आधी कुठला, ते लिहिताना ठरत नाही.

मी केयूरला सगळ्यांसमोर म्हटलं, बेटा, आळस करू नकोस, तीन सूर तीन बोटांनी धरावेत, एक बोट आडवं टाकून होत नाही. त्यानं कुलदीपकडे पाहिलं. कुलदीपनं खिडकीकडे. जानराव बेसची खुंटी पिळायला लागले, जी आधीच बरोबर होती.

शेवटी केयूर म्हणाला, ‘काकू, तिन्हीकडे पाचच आहे. बोर्डावर पाच होतं.’

पाच! कुलदीपनं बोर्डावर पहिला आकडा मराठीत लिहिला होता, ५, आणि पुढचे दोन इंग्रजीत. एका ओळीत दोन लिप्या! इथे सगळे असंच लिहितात — दुकानाची पाटी असो, लग्नाची पत्रिका असो. आणि मी कॉन्व्हेंटची. आम्ही मराठी शिकलो, पण आकडे शेवटपर्यंत इंग्रजी. घाईत काढलेला तो ५ मला सरळसरळ 4 दिसला.

म्हणजे सगळे वाजवत होते तो साधा, नेहमीचा सा-ग-प. सिस्टरचाच. आणि मी पंचम सोडून एक घर खाली, तीव्र मध्यमावर बसलेली.

चूक झाली, ते ठीक आहे. पण आठ तारखेपासून मी हे चूक वाजवतेय आणि त्या खोलीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. एकानंही सांगितलं नाही!

२६ नोव्हेंबर, बुधवार

क्लासला पुन्हा जाणार नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

गेले. पण अर्धा तास आधी गेले.

कुलदीप एकटाच होता, झाडू मारत होता. विचारलं, सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, ‘तुमी एवढ्या मनानं वाजवून राहिल्या होत्या काकू. तुमाले कसं म्हणू चूक आहे म्हणून?’

म्हटलं, केयूरला म्हणतोस तसंच म्हण.

‘त्याची गोष्ट वेगळी आहे.’

‘काय वेगळी?’

झाडू थांबला. मनात काही वाईट नव्हतं त्याच्या, ते दिसत होतं. म्हणूनच जास्त लागलं. म्हणाला, ‘त्याले वाजवायचं आहे, काकू.’

त्याले वाजवायचं आहे. आणि मी? मी भजनी मंडळात जागा मिळाली नाही म्हणून इथे येते?

माझी खुर्ची ओढली, बसले. सगळे आल्यावर मी जानरावांना म्हटलं, खाली बेस धरा, मी चूक वाजवते. जानराव शेंदूरजनाघाटकडचे, संत्र्यांचे व्यापारी, तरुणपणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे. जास्त बोलत नाहीत. त्यांनी खाली सा धरला. वर माझा तिघाडा झगझगीत झाला, दिवा लावल्यासारखा. मग जानराव आपल्या मनानं एक सूर वर, रे वर गेले. मी बोट हलवलं नव्हतं! पण तेच तीन सूर एकदम अधीर झाले, कुठे तरी निघाल्यासारखे.

खाली कोण उभा राहतो त्यावर वरच्या तिघांचा अर्थ बदलतो. माझी चूक दोन ठिकाणी लागू पडते. सिस्टरची कॉर्ड एकाच ठिकाणी बसून राहते.

‘हे सालं काम करून राहिलं,’ जानराव म्हणाले. माझ्याशी नाही, कुलदीपशी.

कुलदीपनं मान डोलावली नाही. छानसुद्धा नाही.

मी चूक दुरुस्त करणार नाही. आता ती पक्की करणार.

६ डिसेंबर, शनिवार

क्लासचा कार्यक्रम ठरला. १८ जानेवारी, अकोला. तिथल्या एका सांस्कृतिक मंडळानं हॉल दिलाय. शेवटी कुलदीपनं स्वतः बांधलेली चीज आहे, ‘बडनेरा जंक्शन’. बारा बारची एक फेरी, म्हणजे बारा वेळा चार-चार ठोके, की पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक सोलोवाला आपल्या फेरीत मनातलं वाजवणार. सोलो केयूरचा. बाकीचे मागे कॉर्ड धरणार. बाकीचे म्हणजे मी.

तिथल्या तिथे म्हटलं, एक फेरी मला हवी.

कुलदीप म्हणाला, बघू काकू.

‘बघू’ म्हणजे काय ते मला सरकारी नोकरीनं शिकवलं आहे.

९ डिसेंबर, मंगळवार

तिघाडा आता सगळ्या फेरीवर बसवला. चीज पांढरी पाचच्या पट्टीत आहे — म्हणजे सिस्टरच्या भाषेत जी. सुरुवातीच्या जीवर तिघाडा वर सरकवून एफपासून घ्यायचा. मग जानराव सीवर, म्हणजे आधीच्या सावर, गेले की खाली माझ्या मूळ जागी. नवव्या बारला ते डीवर, म्हणजे त्या रेवर, जातात, तेव्हा मी हलायचंच नाही! लोकांना वाटेल बाईनं काही तरी नवीन केलं. नवीन जानरावांनी केलेलं असतं.

अवघड आहे ते दहाव्या बारपासून शेवटपर्यंत. तिथून घरी, म्हणजे परत जीवर, कसं यायचं ते मला अजून येत नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

अकोल्याहून रागिणीबाईंचा फोन. त्या मंडळाच्या कार्यवाह. आवाज साखरेत घोळलेला. म्हणे, ‘ताई, तुमचा अल्प परिचय पाठवाल का? आणि एक फोटो. साडीतला असेल तर बरं.’

मी विचारलं, बाकीच्या वाजवणाऱ्यांचाही मागवला आहे का?

‘नाही नाही, तुमचा सत्कार आहे ना! या वयात एवढी जिद्द! आमच्या महिलांना तेवढीच प्रेरणा.’

सत्कार! वाजवू द्यायचं नाही आणि शाल द्यायची!

कुलदीपला फोन केला. त्याला माहीत होतं. ‘हॉल त्यांनी दिला ना काकू, मंडळवाल्याइचं मन राखा लागते.’ मी म्हटलं, एक फेरी दिलीस तर शाल घेते, नाही तर शाल केयूरला दे, थंडी आहे. मग म्हणाला, ‘वेळ उरला तर एक फेरी तुमची.’

वेळ उरला तर! मराठी कार्यक्रमात वेळ उरलेला कोणी पाहिलाय?

वकीलसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांना सत्कारांचा फार अनुभव. बार असोसिएशनच्या दर सत्काराला झोपून आलेत. म्हणाले, ‘पाहुण्यांना चिठ्ठी पाठवून थांबवता येतं. पण सत्कारमूर्तीच्या मनोगताला आजवर कोणी थांबवलेलं मी बघितलं नाही. ते बोलतच राहतात.’ आणि पुन्हा पेपरात गेले.

२३ डिसेंबर, मंगळवार

स्वरालीचा पुण्याहून फोन. सराव ऐकवला. ‘आई, कित्ती क्यूट!’

मी हिला जन्म दिलाय. मांजरीनं नाही.

३ जानेवारी, शनिवार

जानरावांना उद्या, रविवारी घरी बोलावलं होतं, ते आजच आले. सोबत संत्र्यांची पेटी आणि बेस. चार तास वाजवलं. दहाव्या बारपासून घरी यायचं ते जमत नव्हतं. मी प्रत्येक वेळी एक सूर जास्त घ्यायची, पाणी ओतताना भांडं भरलेलं कळू नये तसं.

जानराव शेवटी म्हणाले, ‘तुमी सगळंच बोलून टाकता बाई. थोडं माह्यावर सोडा ना.’

सोडलं. दहाव्या बारला तिघाड्यातला एकच सूर वाजवला आणि हात उचलला. बाकीचं घर जानरावांनी गाठलं.

वकीलसाहेब दारात उभे होते. हातात पेपर नव्हता.

१३ जानेवारी, मंगळवार

क्लासमध्ये शेवटची तालीम. बडनेरा जंक्शन तीनदा वाजली. तिन्ही वेळा सोलो केयूरचाच. माझ्या फेरीचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही. निघताना कुलदीप म्हणाला, मागच्या कॉर्ड तुम्ही छान धरता, काकू.

उद्या संक्रांत. तिळगूळ देऊन आले त्याला. गोड बोलण्याची त्याला गरज नाही, तरी.

१८ जानेवारी, रविवार

अकोल्याहून परत. नीट लिहून ठेवते.

प्रमुख पाहुणे संगीतावर बोलले, मग आयुर्वेदावर, मग त्यांच्या नातवावर. रागिणीबाईंनी दोन चिठ्ठ्या पाठवल्या. त्यांनी दोन्ही खिशात घातल्या. मग पोरांची गाणी. मग कुलदीप माझ्याजवळ वाकला — वेळ नाही काकू, केयूरची एक फेरी घेऊन चीज आवरतो. त्याला खरंच वाईट वाटत होतं. मी मान हलवली.

मग माझं नाव पुकारलं. ज्येष्ठ, हौशी, चूल आणि मूल सांभाळून! चूल निम्मं आयुष्य वकीलसाहेबांच्या आईनं सांभाळली, मी ट्रंक कॉल सांभाळले, पण असो. शाल, नारळ, गुलाबाचं फूल. टाळ्या. रागिणीबाईंनी माईक हातात दिला. ‘ताई आता आपलं मनोगत व्यक्त करतील.’

घरून ठरवून गेले होते असं आता वाटतंय. खरं म्हणजे त्या क्षणी वकीलसाहेब पहिल्या रांगेत दिसले आणि झोपलेले नव्हते.

मी माईकमध्ये म्हटलं, ‘माझं मनोगत बारा बारचं आहे. जानराव, जी धरा.’

रागिणीबाई हसल्या, म्हणजे तोंड उघडं राहिलं. सत्कारमूर्तीला काय म्हणणार? मी नारळ जानरावांच्या स्पीकरवर ठेवला, गिटार शालीवरूनच अडकवली. शाल पट्ट्यात गुंतली, गुंतू दिली. कुलदीपकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यानं मान डोलावली असती.

जानरावांनी सुरू केलं. ड्रमवाला पोरगा गोंधळला, दुसऱ्या बारला आला. मी पहिले दोन बार काहीच वाजवलं नाही. नंतर तिघाडा, एफपासून, सुटा. खालून वर. मग उडी. हॉलमध्ये कोणी तरी खोकलं. सीवर खाली आले, आणि तो दिवा लागला, तसाच, झगझगीत. बेसच्या धक्क्यानं नारळ स्पीकरवरून घरंगळला आणि पाहुण्यांच्या पायाशी जाऊन थांबला. कोणी उचलला नाही. नववा बार. जानराव डीवर गेले, मी हलले नाही. दहावा बार. एकच सूर. हात उचलला.

अकरावा, बारावा जानरावांचे. केयूर वाट न बघता माझ्या शेवटच्या सुरावरून आत शिरला आणि चीज पुढे निघाली.

मग काय? टाळ्या. हॉलच्या दारात बायकांनी हात धरले. या वयात! या वयात! रागिणीबाई म्हणाल्या, फारच गोड. कुलदीप सामान भरत होता. गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत सगळे बोलत होते. मी उतरताना कुलदीप फक्त म्हणाला, ‘येतो काकू.’

वाजवलं. आणि तरी शेवटी शालच अंगावर घेऊन घरी आले.

२० जानेवारी, मंगळवार

क्लास. बोटं दुखत होती, म्हणून आळस केला. बडनेरा जंक्शनला एकच बोट आडवं टाकलं. पाच, पाच, पाच. सिस्टरची कॉर्ड, बिनचूक.

‘थांबा.’ कुलदीपनं हात वर केला. सगळे थांबले. ‘पाच काहून वाजवून राहिल्या? चार आहे ना तिथं! जानरावचा बेस ऐकू नाही येऊन राहिला का? पुन्हा घ्या.’

पाच वेळा पुन्हा घ्यायला लावलं. पाचव्यांदा खरंच सुधारलं.